रात्रपाळीचा पशुवैद्य



ज्यांच्या स्मरणार्थ या व्याख्यानाला आपण इथं जमतो, ते हयातभर गडहिंग्लज तालुक्यात गुरांचे डॉक्टर म्हणून फिरले. मीही त्याच पेशातला. त्यांच्या नावानं उभं राहून दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलणं मला जमलं नसतं. रात्री अकरा वाजता आपल्या घरातल्या कुत्र्याला, मांजराला किंवा परड्यातल्या शेळीला काही झालं, तर गडहिंग्लजच्या माणसानं कुणाचं दार वाजवायचं, या एवढ्या एका प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो आणि विचारणारी माणसं बदललेली आहेत. पूर्वी रात्रीचा निरोप यायचा तो गाय अडली म्हणून, नाहीतर म्हैस व्याली पण वार पडली नाही म्हणून. कुत्रं आजारी पडलं तर ते गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहायचं. जगलं तर जगलं. आता तसं राहिलेलं नाही. पोरं पुण्याला, मुंबईला, बंगळूरला नोकरीला गेली. त्यांनी हौसेनं आणलेलं लॅब्रेडॉरचं पिल्लू फ्लॅटमध्ये मावेना, म्हणून ते गावी आईवडिलांकडं आलं. सत्तरीच्या जोडप्याच्या घरात दिवसभर बोलायला तेवढंच एक माणूस असतं. हो, मी माणूस म्हणालो, कारण त्या घरात त्याला तसंच वागवतात. त्याच्यासाठी मध्यरात्री फोन करणाऱ्या आजोबांचा आवाज आणि अडलेल्या गाईसाठी फोन करणाऱ्या शेतकऱ्याचा आवाज यांत मला कधी फरक जाणवलेला नाही.

एका वस्तीवरची रात्र सांगतो. उसाच्या लागणीचे दिवस होते. एका बाईंचा फोन आला, “डॉक्टर, मोत्यानं तोंडातनं फेस काढलाय, अंग थरथराय लागलंय.” मी त्यांना मोबाइलची बॅटरी लावून कुत्र्याच्या डोळ्यातलं बुबुळ बघायला सांगितलं. मधला काळा ठिपका मोठा झालाय का बारीक? त्या म्हणाल्या, “पार बारीक, टाचणी टोचल्यागत.” मग विचारलं, शेतात काय टाकलं होतं का? थोडा वेळ पलीकडं कुणी बोललं नाही. मग मागून त्यांच्या मालकांचा आवाज आला, “थायमेट हाय परड्यात, जुनं.”

थायमेट म्हणजे फोरेट. 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्यावर देशभर बंदी आहे, पण जुन्या पिशव्या सपरात, माळ्यावर अजून सापडतात. हे विष शरीरातल्या नसा आणि स्नायू यांच्यामधला निरोप थांबू देत नाही. त्यामुळं लाळ थांबत नाही, छातीत पाणी साठतं, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच दमतात. त्याच्यावर अॅट्रोपिन हे जुनं, स्वस्त औषध आहे. ते पुरेसं पोचलं की नाही हे कळण्याची खूणही सोपी असते: तोंड कोरडं पडायला लागतं, श्वासातली घरघर कमी होते. मोत्याला पहिली मात्रा दिली, थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी. पहाटेपर्यंत त्या बाई त्याचं तोंड फडक्यानं पुसत बसल्या होत्या. एकदा त्यांनी पुसलं, फडकं हातात तसंच धरून बघितलं आणि म्हणाल्या, “कोरडं हाय की ओ.” तेव्हा मी पिशवी आवरायला घेतली.

मोत्या वाचला, कारण औषध माझ्या पिशवीत होतं आणि वस्ती माझ्या घरापासून जवळ होती. हे दोन्ही योगायोग. तीच वेळ आजऱ्याच्या जंगलाकडच्या किंवा चंदगडच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर आली असती, तर त्या बाईंनी रात्रभर काय केलं असतं? माझी तक्रार या योगायोगावर चाललेल्या व्यवस्थेबद्दल आहे.

दवाखाना सापडला नाही की माणूस घरातल्या औषधाच्या डब्याकडं वळतो. माझ्या पाहण्यात मूळ आजारापेक्षा या डब्यानं घेतलेले जीव कमी नाहीत. मांजराला ताप आला म्हणून क्रोसिन दिलेलं मी पाहिलंय. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. आपण डोकं दुखलं की घेतो ती पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. कुत्र्याला लंगडतंय म्हणून आयबुप्रोफेन दिलं की पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. विषबाधेत झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात मिठाचं पाणी, दूध, तूप ओततात. ते पोटाऐवजी फुप्फुसात जातं. ही माणसं निष्काळजी नसतात. समोर जीव तडफडत असताना हातावर हात ठेवून बसवत नाही, म्हणून ती काहीतरी करतात. त्यांना फोनवर कुणी एक जाणता माणूस मिळाला असता, तर यातलं बरंच टळलं असतं.

आपल्या भागातलं दुसरं मोठं कारण म्हणजे साप. ऊसतोडीच्या हंगामात फडातले उंदीर बाहेर पडतात, त्यांच्यामागं घोणस येते आणि तिच्यावर भुंकायला कुत्रं पुढं जातं. चावा बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. सूज झपाट्यानं चढते आणि हिरड्यांतून रक्त यायला लागतं. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच उभं ठेवलं आणि ते पातळच राहिलं, तर शंका उरत नाही. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या मिटतात, मान लोळते, श्वास मंदावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच प्रतिविष आपल्याकडं तयार होतं आणि तेच माणसाला, तेच जनावराला चालतं. सरकारी रुग्णालयात माणसासाठी ते फुकट असतं. कुत्र्यासाठी रात्री ते कुठून आणायचं? औषधाचं दुकान बंद, दवाखान्याला कुलूप. करकचून दोरी बांधणं, ब्लेडनं कापणं हे अजूनही चालतं आणि त्यानं फक्त पाय सडतो.

पिल्लांच्या पार्व्होबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्याचा उपाय आधीच हातात आहे. हा रोग जगाला 1978 च्या सुमारास माहीत झाला आणि त्याची लसही लवकरच आली. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग ठरलेल्या अंतरानं पुढच्या मात्रा. ज्याला लस दिलेली नाही ते पिल्लू संध्याकाळी उलट्या करायला लागतं आणि सकाळपर्यंत रक्ताची हगवण होऊन सुकून जातं. त्या एका रात्रीत सलाईन लागली तर वाचण्याची आशा, नाहीतर नाही.

आणि एक गोष्ट बोलायला जड जाते, तरी बोलतो. संकेश्वर–आजरा रस्त्यावर गाडीनं उडवलेलं कुत्रं, मणका तुटलेला, मागचं अर्धं अंग निर्जीव, पुढच्या पायांवर फरफटत गटारीत गेलेलं. त्याला वाचवता येत नाही. त्याला वेदनेतून सोडवता येतं आणि तेवढ्यासाठीही सकाळची वाट बघावी लागते. मरणाच्या वेदनेत काढलेली ती आठ-नऊ तासांची रात्र आपल्या गावाच्या हिशेबात कुठंच येत नाही.

आता हे असं का, ते पाहू. आपल्या देशातलं पशुवैद्यक दोन गरजांतून उभं राहिलं: लष्कराची घोडी आणि शेतकऱ्याचे बैल. बुळकांडीच्या साथी गावंच्या गावं बैलांवाचून ठेवून जात. त्या रोगाशी लढण्यासाठी 1889 साली पुण्यात जीवाणूशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. तीच पुढं मुक्तेश्वरला गेली आणि आज इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झालं, शेजारी बाई साकरबाईंच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय. या सगळ्यानं फार मोठं काम केलं. बुळकांडी 2011 मध्ये जगातून गेल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. त्यात आपल्या खेड्यापाड्यांतल्या टोचणाऱ्यांचा वाटा आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

पण त्या घडणीतून आलेल्या व्यवस्थेचं लक्ष उत्पन्न देणाऱ्या जनावरावर राहिलं. जिल्हा परिषदेचे दवाखाने, तालुक्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय हे सगळं पशुधनासाठी आहे. 1963 पासून आपल्या जिल्ह्यात गोकुळ दूध संघ आहे. दूध संस्थेचा सभासद असला की त्याच्या गाई-म्हशीसाठी संघाची पशुवैद्यकीय सेवा असते. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या गोठ्यांनी याचा फायदा घेतलाय आणि तो खरा आहे. अलीकडं 1962 हा फुकट फोनचा क्रमांक आला आणि फिरती पथकं दारात यायला लागली. कर्नाटकातही क्रमांक तोच आहे. दिवसा गाय पडली तर हा क्रमांक आधी लावा, असं मी सांगत असतो. मात्र त्याचीही आखणी पशुधन डोळ्यापुढं ठेवून झाली आहे. पशुगणनेत कुत्र्यांची मोजणी होते, पण मोजलेल्या त्या कुत्र्यासाठी रात्री जागणारं दार कुठलं, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं सापडत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरला दोष देणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. राष्ट्रीय कृषी आयोगानं 1976 मध्ये पाच हजार जनावरांमागं एक पशुवैद्य असावा असं सांगितलं. तिथपर्यंत आपण अजून पोचलेलो नाही, आणि भरलेल्या जागेवरच्या माणसाकडं शेजारच्या रिकाम्या जागेचा कार्यभारही असतो. दिवसभर रेतन, लसीकरण, पंचनामे, ऑनलाइन नोंदी. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा याच माणसांनी गोठ्या-गोठ्यांत जाऊन टोचलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं रोज रात्रीही एकट्यानं जागायचं, अशी अपेक्षा कुणी करू नये. आता या पेशात मोठ्या संख्येनं मुली येत आहेत. मध्यरात्री अनोळखी वस्तीवर एकटीनं जा, असं आपण आपल्या मुलीला सांगू का?

या पोकळीत कोण शिरतं, तेही बोललं पाहिजे. बॅग घेऊन येणारा, सगळ्याला एकच सुई मारणारा माणूस. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात नोंदणीकृत पशुवैद्यालाच उपचाराचा अधिकार आहे. पदविकाधारकांना काही प्राथमिक सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. कायदा बरोबर आहे. पण रात्री एक वाजता नोंदणीकृत माणूस फोन उचलत नसेल, तर लोक कायद्याचं पुस्तक उघडून बसणार नाहीत.

मग उरतो तो रस्ता. कोल्हापूर किंवा बेळगाव, दोन्हीकडं साठ-सत्तर किलोमीटर. कोल्हापूरला जायचं तर संकेश्वरला जाऊन महामार्ग धरायचा, मग तवंदीचा घाट, निपाणी, कागल. महाराष्ट्रातून निघून कर्नाटकातून पुन्हा महाराष्ट्रात. मागच्या सीटवर मुलाच्या मांडीवर कुत्रं, पोट ढोलासारखं फुगलेलं. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पिळवटतं, तेव्हा हातात काही तासच असतात. आपल्याकडची कारवान, मुधोळ जातीची कुत्रीही खोल छातीचीच. ज्या मुधोळ कुत्र्याचा फोटो 2005 मध्ये टपाल तिकिटावर छापून आपण मिरवला, त्याला रात्री पोटफुगी झाली तर घाटातच जीव जायची वेळ.

दुसरीकडं हे कसं करतात? ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या नियामक संस्थेनं आचारसंहितेतच घातलंय की, व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्यानं चोवीस तास तातडीच्या प्राथमिक उपचाराची आणि वेदना कमी करण्याची व्यवस्था केलीच पाहिजे. स्वतः जागायचं नसेल तर शेजारच्या डॉक्टरांशी पाळी ठरवायची, पण ग्राहकाला दार सापडलं पाहिजे. नॉर्वेचं उदाहरण मला आपल्यासाठी जास्त जवळचं वाटतं. तोही डोंगर, दऱ्या आणि विरळ वस्तीचा देश. तिथं पशुवैद्यकीय सेवेची जबाबदारी 2008 पासून स्थानिक पालिकांकडं आहे आणि कामाच्या वेळेबाहेरच्या पाळीचा खर्च सरकार देतं. एका डॉक्टरनं मोठं मन करून जागायचं, असं तिथं गृहीत धरलेलं नाही. रात्रीची पाळी हे मोबदल्याचं काम आहे. आपल्याकडं माणसांसाठी 108 ची गाडी 2014 मध्ये आली. त्याआधी हे होणार नाही असंच आपण म्हणत होतो.

म्हणून माझं मागणं असं आहे. गडहिंग्लजला प्राण्यांचं मोठं रुग्णालय मी मागत नाही. रात्री नऊ ते सकाळी सहा एक पशुवैद्य हवा, एक ठरलेली खोली हवी आणि एकच फोन. सरकारी दवाखान्यातले, दूध संघाकडचे आणि खासगी व्यवसाय करणारे असे सगळे मिळून आठवड्याची पाळी वाटून घेतली, तर एकावर फार भार येणार नाही. आजरा आणि चंदगड यांनाही यात घेता येईल. डॉक्टरनं वस्तीवर जायचं नाही, कुत्रं-मांजर-शेळी घेऊन लोकांनी यायचं. अडलेली गाय किंवा म्हैस तेवढी अपवाद, आणि तिथंही जोडीला एक माणूस पाहिजे. ठरलेली फी असावी, भिंतीवर लिहिलेली, आणि ती दिवसाच्या फीपेक्षा जास्त असावी. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी नगरपालिकेनं किंवा इथल्या एखाद्या सहकारी संस्थेनं छोटा निधी ठेवावा. रस्त्यावरच्या, मालक नसलेल्या जखमी जनावराचा खर्च त्यातूनच व्हावा.

लोक मला विचारतात, दुभत्या जनावरासाठी उभं केलेलं कुत्र्यासाठी का वापरायचं? कारण विष तेच आहे, साप तोच आहे, सलाईनही तीच. ज्या कपाटात कुत्र्यासाठी अॅट्रोपिन असेल, त्यातूनच थायमेट लागलेला चारा खाल्लेल्या म्हशीलाही मिळेल. व्याल्यानंतर कॅल्शियम उतरून पडलेली गाय रात्री शिरेतून कॅल्शियम मिळालं की बघता बघता उठून उभी राहते. ती वाचली तर त्या घराचा दुधाचा पगार वाचला. रात्रीची पाळी कुत्र्या-मांजरांच्या निमित्तानं सुरू झाली तरी तिचा मोठा लाभ गोठ्यालाच होणार आहे. अट एकच, दारात आलेलं जनावर दूध देतं का, हे विचारून दार उघडायचं नाही.

तोवर घरोघरी करण्याजोगं बरंच आहे. आपलं जनावर धडधाकट असतानाच डॉक्टर गाठा. एकदा त्याला नेऊन दाखवा, वजन करून घ्या, लशींचं कार्ड करा आणि तोंडावर विचारा, “रात्री वेळ आली तर आपण येणार का, नाहीतर कुणाला फोन करू?” नाही म्हणाले तर राग मानू नका, निदान खरं उत्तर मिळालं. कोल्हापूर आणि बेळगावच्या ज्या दवाखान्यांत रात्री डॉक्टर असतो, त्यांचे क्रमांक भिंतीवर लावा आणि निघण्यापूर्वी फोन करून डॉक्टर हजर आहे याची खात्री करा. विषबाधा असेल तर औषधाची पिशवी किंवा बाटली बरोबर न्या, अंगावर सांडलं असेल तर साबणानं धुवा. कितीही मायेचं कुत्रं असलं तरी दुखत असताना ते चावतं, म्हणून तोंडाला मऊ पट्टी बांधा, मात्र उलटी करत असेल किंवा श्वास लागला असेल तर नको. आणि कुत्रं अचानक बिथरलं असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. ओरखडा जरी उठला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

संयोजकांशी मी बोललो आहे. सभागृहाबाहेर टेबलावर एक कागद ठेवलाय. रात्रीच्या पाळीसाठी नगराध्यक्ष, पंचायत समिती आणि दूध संघ यांना द्यायचं ते निवेदन आहे. आज इथं आलेल्या चार पशुवैद्य मित्रांनी आपापला एक-एक वार देण्याची तयारी दाखवली आहे. मंगळवार मी घेतलाय. अजून दोन वार रिकामे आहेत, आणि अॅट्रोपिन, प्रतिविष, कॅल्शियम, सलाईन एवढं मावेल असं एक कुलपाचं कपाट हवं आहे.